ठसा कोणाच्या हातचा?

निवृत्त शिक्षकाने आपल्या अज्ञानाची कबुली द्यावी, अशी आपल्याकडे रीत नाही. तो सहसा आठवणी लिहितो आणि त्या आठवणींत तो स्वतः कधी चुकलेला नसतो. मी मात्र एका चुकीपासूनच आरंभ करणार आहे. ती चूक माझ्या एकट्याची असती तर तिच्यावर या पानाची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. पण ती आपल्या एकंदर शिक्षणव्यवहाराची चूक आहे, असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे.

मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा मी डहाणू तालुक्याच्या किनारपट्टीवर, वाढवणच्या परिसरातील एका प्राथमिक शाळेत शिकवीत होतो. शाळा बंद, पण शिक्षण चालू, अशी घोषणा झाली. शिक्षण चालू राहणार होते ते फोनच्या पडद्यावर. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक घरांत तसा फोन नव्हता. जेथे होता तेथे तो एकच होता आणि तो सकाळी बापाच्या खिशात बसून कामाला जात असे. मासेमारी करणाऱ्यांची मुले, वाडीत राबणाऱ्यांची मुले, पूर्वेकडच्या पाड्यांवरून येणारी वारली मुले, यांच्यापर्यंत पडदा पोहोचत नव्हता. कागद मात्र पोहोचू शकत होता. म्हणून आम्ही दोघातिघा शिक्षकांनी ठरविले की चित्र आणि शब्द असलेली कार्डे करायची व घरोघर नेऊन द्यायची. मासा, होडी, ताड, मडके, कोयता. वर चित्र, खाली प्रमाण मराठी शब्द आणि त्याच्या शेजारी मूल घरात उच्चारते तो शब्द.

छपाईची दुकाने बंद होती. तेव्हा ठसे कोरायचे ठरले आणि ते काम, हातात खडूखेरीज कधी काही न धरलेल्या माझ्याकडे आले. मी फोन उघडला.

पडद्यावर ही कला शिकविणारे पुष्कळ भेटले. बहुतेक दूरदेशीचे. त्यांच्या टेबलावर मऊ लिनोलियमची लादी असे, सहा पात्यांचे हत्यार असे, शाई पसरविण्याचा गुळगुळीत रूळ असे. यांतले काहीही मला डहाणूच्या बंद बाजारात मिळणारे नव्हते. मी जुन्या हवाई चपलेचा तळ घेतला, दाढीचे पाते घेतले आणि कामाला लागलो. पहिला ठसा पूर्ण झाला तेव्हा कागदावर उमटले ते ‘मासा’ नव्हतेच. आरशात दिसावी तशी अक्षरे उमटली होती. ठशावर अक्षर उलटे कोरावे लागते, हे पडद्यावरच्या शिक्षकाने सांगितले होते. पण ते त्याच्या भाषेत, आणि मी ते निम्मेच समजलो होतो. दुसऱ्या ठशात अंगठा कापला. दोन आठवडे आणि चौदा चलचित्रे खर्ची पडल्यावर माशासारखा काहीसा मासा तयार झाला.

ही कार्डे घेऊन मी तिसरीतल्या एका मुलीच्या घरी गेलो. तिचे वडील डाय कोरणारे कारागीर. चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यातल्या घरांच्या ओट्यांवर हा धंदा चालतो, हे आपल्या वाचकांपैकी किती जणांना ठाऊक असेल? सोन्याचांदीच्या दागिन्यावरचे पान, फूल, मोर, मणी हे ज्या पोलादी साच्यात पातळ पत्रा दाबून उठविले जातात, तो साचा म्हणजे डाय. पोलादाच्या तुकड्यात ही नक्षी छिन्नी-हातोडीने खोल आणि उलटी कोरायची, डोळ्याला भिंग लावून, केसाएवढ्या जाडीचा हिशेब ठेवीत. मग तो तुकडा तापवून त्याला पाणी द्यायचे, म्हणजे तो कठीण होतो. मुंबईच्या सराफ बाजारातून जो दागिना लग्नघरात जातो, त्याच्या नक्षीचे मूळ असे एखाद्या ओट्यावर असते. दागिन्याच्या पावतीवर सोन्याचे वजन असते, घडणावळ असते, सराफाचे नाव असते. ओट्याचे नाव नसते.

त्या दिवसांत सराफ बाजार बंद होता, म्हणून ओटाही थंड होता. त्या गृहस्थाने माझे कार्ड हातात घेतले, माशाच्या कडेवरून बोट फिरविले आणि कशाने कोरले असे विचारले. मी पाते दाखविले. तो हसला नाही. म्हणाला, “गुरुजी, तुम्ही कापता. हे कापायचं नसतं, उचलायचं असतं.” मग त्याने आतून एक जुनी बारीक छिन्नी आणली, माझ्या हातातला चपलेचा तुकडा घेतला आणि माशाचे खवले एकामागून एक असे उचलले की मी पाहतच राहिलो. उलटे कोरण्याची युक्ती त्याने दोन वाक्यांत सांगितली. कोरताना मध्येच ओली माती दाबून पाहायची. माती खोटे बोलत नाही. माझ्या चौदा चलचित्रांत ही माती कोठेही नव्हती.

त्या घरावरून मी अकरा वर्षे रोज जात-येत होतो. त्या ओट्यावरची टकटक मी अकरा वर्षे ऐकली होती. एवढेच नव्हे, तर एकदा परीक्षेच्या दिवसांत मुलांचे लक्ष विचलित होते म्हणून मी ती थांबविण्याची विनंती करावयास गेलो होतो आणि त्या माणसाने ती निमूटपणे मान्य केली होती. शाळेला व्यत्यय वाटलेला तो आवाज म्हणजे माझ्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर चाललेली दुसरी शाळा होती. ही मी म्हणतो ती चूक.

आता यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की पडद्यावरचे शिक्षण निरुपयोगी आहे आणि आपण पुन्हा जुन्या दिवसांकडे वळावे. तो निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. प्रौढ माणसाला शिकताना सर्वांत मोठी अडचण असते ती लाजेची. पन्नाशी उलटलेल्या गुरुजीने विद्यार्थिनीच्या बापासमोर अनाडीपणे हत्यार धरायचे, याला धाडस लागते. चलचित्रासमोर ते लागत नाही. ते दहादा मागे नेता येते, ते कंटाळत नाही, ते कोणाला जाऊन सांगत नाही. ते दोन आठवडे मी एकटा चुकलो नसतो, तर त्या ओट्यावर माझे कार्ड घेऊन जाण्याची माझी छातीच झाली नसती. आणि हेही खरे की ज्ञान दुरून येणे हे काही आजचे नवल नाही. गिजुभाई बधेका यांना भावनगरला मॉन्टेसोरी भेटल्या त्या पुस्तकाच्या पानांतून. इटलीतली पद्धत समुद्र ओलांडून कागदावरून आली. प्रश्न दुरून येण्याचा नाही. आल्यावर तिचे आपण काय करतो, याचा आहे.

याच तालुक्याने त्या प्रश्नाचे उत्तर एकदा देऊन ठेवले आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. ग्राम बाल शिक्षा केंद्राची सुरुवात झाली, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मॉन्टेसोरींची साधने सुबक पण महाग. गावच्या मुलाला ती परवडणे शक्य नव्हते. बायांनी बिया घेतल्या, शंखशिंपले घेतले, पाने, माती, काठ्या घेतल्या आणि त्यांतून मोजणे, लावणे, ओळखणे शिकविले. पद्धत परदेशी राहिली नाही आणि तिची शास्त्रीयताही सुटली नाही. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांच्या नावाने बोटे मोडण्याऐवजी बायांनी शाळा उचलून अंगणात नेली. गुरे राखणारी मुले अंगणातही सापडत नाहीत असे दिसले, तेव्हा ती कुरणात नेली. कुरणशाळा या शब्दात केवढे शहाणपण आहे! शिक्षकाने काय शिकायचे, हे तेथे कुरण ठरवीत होते. आदिवासी मुलाला कोणते झाड ठाऊक आहे, हे बाईंना आधी त्याच्याकडून शिकावे लागे, मगच त्याला ‘झ’ शिकविता येई.

याच्याशी आजच्या शिक्षक-प्रशिक्षणाची तुलना करावी. केंद्र सरकारने २०१७ मध्ये दीक्षा हे संगणकीय व्यासपीठ सुरू केले. २०१९ मध्ये निष्ठा नावाची देशव्यापी प्रशिक्षणयोजना आली आणि ऑक्टोबर २०२० पासून तिचे १८ घटक दीक्षावरून शिक्षकांना देण्यात आले. चलचित्र पाहा, मजकूर वाचा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला निदान ५० तास स्वतःच्या विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. त्या घटकांतला मजकूर वाईट नाही. काही भाग तर चांगला आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. या रचनेत शिक्षक हा केवळ घेणारा आहे. दिल्लीहून प्रवाह निघतो आणि डहाणूत येऊन थांबतो. डहाणूहून उलट काही जावे, अशी वाटच ठेवलेली नाही. शिवाय सरकारी हिशेबात जे प्रशिक्षण म्हणून मोजले जाते, ते बहुधा शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवर, त्याने स्वतः पैसे भरलेल्या इंटरनेटवर आणि घरच्या वेळात होत असते. गिरणीमालकाने मजुराला माग घरूनच घेऊन ये असे सांगितले असते, तर आपण काय म्हटले असते?

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींनी शिक्षणपरिषद बोलावली आणि झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा असावा, ही कल्पना तेथून देशभर गेली. तिच्यावर त्या काळी झालेली टीका, मुलांच्या श्रमावर शाळा चालविण्याची भीती, ही सगळी निराधार नव्हती. पण नयी तालीम मागे पडली तिचे एक कारण असे की हस्तोद्योग शिकवायचा कोणी, याचे उत्तर शिक्षणखात्याला नेहमी पदवीधरांतच शोधावेसे वाटले. ज्याला टकळी येत नाही त्याला टकळी शिकवून शिक्षक करायचे आणि ज्याला माग येतो त्याला वर्गाच्या दारातही उभे करायचे नाही! जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञान असावे असे मागितले होते. त्या मागणीतला कटाक्ष केवळ विषयावर नव्हता. शेतकऱ्याचे जगणे ज्याला ठाऊक आहे असा शिक्षक हवा, यावर होता.

इव्हान इलिच यांचे १९७१ चे पुस्तक एके काळी आपल्या शिबिरांतून फार चर्चिले गेले. शाळाच मोडीत काढण्याची त्यांची भाषा मला तेव्हाही पटली नव्हती. ज्याच्या घरी शाळेची पहिली पिढी आहे, त्याला शाळामुक्तीचे प्रवचन देणे ही पोटभरल्यांची चैन आहे. परंतु त्याच पुस्तकात त्यांनी शिकण्याच्या जाळ्यांची कल्पना मांडली होती. ज्याला एखादे कसब येते त्याचे नाव नोंदवावे, ज्याला ते शिकायचे आहे त्याला ते कळावे आणि संगणकाने या दोघांची गाठ घालून द्यावी. इंटरनेट घरोघर येण्यापूर्वी वीस-पंचवीस वर्षे हे लिहिले गेले. जाळे पुढे आले, पण ते दुसऱ्यांच्या मालकीचे झाले. त्याने माझी गाठ सातासमुद्रापलीकडच्या छंदिष्टाशी घालून दिली. तीन घरांपलीकडच्या कारागिराशी नाही. कारण छंदिष्टाच्या चलचित्रावर जाहिरात चालते, ओट्यावर चालत नाही.

वारल्यांच्या चित्राचे काय झाले ते पाहा. लग्नघरातला चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लिहितात. ‘काढतात’ असे वारली म्हणत नाही, ‘लिहितात’ म्हणतो. धवलेरी गाणे म्हणते. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या खटपटीने ही कला भिंतीवरून कागदावर आली आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर नेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. हे सारे अभिमानाचे. पण आज पडद्यावर अर्ध्या तासात वारली चित्र शिकविणारे जे असंख्य गुरू आहेत, त्यांतल्या किती जणांनी चौक लिहिणारी बाई पाहिली असेल? त्रिकोणावर त्रिकोण ठेवला की झाला माणूस, एवढेच त्यांचे वारली. आणि तेच चलचित्र पाहून आमच्याच तालुक्यातला शिक्षक वारली मुलांना वारली शिकवितो, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे. वर्गात बसलेल्या मुलीची आजी घरी भिंत सारवीत असते.

वाढवणच्या संदर्भात हा प्रश्न केवळ शाळेचा राहत नाही. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून १९९१ मध्ये घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले आणि त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले. पुढे धर्माधिकारी गेले. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावाला संमती दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तो मंजूर केला आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. ७६,००० कोटी रुपयांहून अधिक खर्च, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा ७४ आणि राज्याच्या सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा. लाखो रोजगारांचे आश्वासन आहे आणि स्थानिक तरुणांना कौशल्य देण्याची भाषा आहे.

कौशल्य देण्याची! जणू या किनाऱ्यावरची माणसे आजवर कौशल्यावाचून बसली होती. बंदरात यारी चालविण्याचे शिक्षण वाईट नाही. आमच्या मुलांना ते अवश्य मिळावे आणि त्या नोकऱ्याही मिळाव्यात. पण कोणत्या खडकाच्या कपारीत कोणत्या महिन्यात काय लागते, हे जाणणारा मच्छीमार आणि केसाएवढ्या जाडीवर पोलाद उचलणारा कारागीर यांना सरकारी कागदात कोणता रकाना आहे? नुकसानीचा हिशेब होतो तेव्हा होडी मोजली जाते, जाळे मोजले जाते; हात मोजला जात नाही. शाळेनेच जे ज्ञान म्हणून कधी ओळखले नाही, ते भूसंपादनाचा अधिकारी कसे ओळखील? म्हणून मी म्हणतो की अकरा वर्षांची माझी चूक ही राजकीय चूक होती.

ती दुरुस्त करण्यास नव्या कायद्याचीही गरज नाही. याच २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक जाणकारांकडे जाऊन शिकावे असे लिहिले आहे. स्थानिक जाणकारांना शाळेत शिकवायला बोलाविण्याचीही तरतूद त्यात आहे. धोरणातल्या इतर अनेक गोष्टींना आपला विरोध आहे आणि तो योग्यच आहे. पण विरोधकाच्या कागदावर आपल्या उपयोगाचे वाक्य सापडले तर ते हातचे का सोडावे? शाळा व्यवस्थापन समित्यांत आपले कार्यकर्ते आहेत. त्यांनी आपापल्या गावात विचारावे की हे दहा दिवस कोणाच्या ओट्यावर गेले. कारागिराला त्या दिवसांची मजुरी मिळाली का, हेही विचारावे. मजुरी म्हणतो, मानधन नव्हे. आपल्याकडे मानधनात मान थोडा असतो आणि धन त्याहून थोडे. आणि शिक्षकांनी पडद्यावरून शिकावे, जरूर शिकावे, पण त्या पन्नास तासांपैकी दहा तास तरी गावातल्या कोणाच्या तरी हाताखाली बसून भरलेले मोजले जावेत. त्या हातांची चलचित्रे त्यांच्याच बोलीत, त्यांच्या नावानिशी, त्यांच्या संमतीने आणि मोबदल्याने त्याच दीक्षावर चढविता येतील. मग दिल्लीकडे जाणारीही वाट उघडेल.

मी २०२२ मध्ये निवृत्त झालो. त्या ओट्यावर माझे जाणे अजून आहे. हाताच्या डायला मागणी घटली आहे. नक्षी आता संगणकावर आखतात आणि यंत्र ती कोरते. त्या मुलीचा थोरला भाऊ रात्री फोनवर चलचित्रे पाहून हे आखणे शिकतो आहे. म्हणजे ज्या पडद्यावरून मी हाताचे काम शिकावयास निघालो, त्याच पडद्यावरून हा मुलगा हाताचे काम सोडून जाण्याची विद्या शिकतो आहे. आणि त्यासाठी त्याला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. शिकविणारा हिंदीत बोलतो, पडद्यावरचे शब्द इंग्रजी असतात, म्हणून रविवारी मी त्याच्याजवळ बसून ते शब्द सोडवून देतो. परवा ‘एक्स्ट्रूड’ असा शब्द आला. सपाट आकृती ओढून उंच करणे, असे मी सांगितले. शेजारी भिंग लावून बसलेला बाप म्हणाला, “म्हणजे उठाव.” मग तो उठून आला, पडद्यावरच्या मोरपिसाकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मुलाला म्हणाला की ही कड अशी सरळ उभी ठेवलीस तर पत्रा येथे फाटेल, तिला जरा उतार दे. मुलाने विचारले, किती? बापाने खिशातला जुना तुकडा काढला, त्यावर माती दाबली आणि ती उचलून दिव्याखाली धरली.